प्रस्तावना : आधी वाचणारा ठरवा

लेबल छापणाऱ्या कुठल्याही प्रेसमध्ये तासभर बसलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडते : "आणि हो, कोपऱ्यात एक बारकोड टाकून द्या." लोणच्याची बरणी असो, अगरबत्तीचा पुडा असो की वाचनालयाच्या सभासदांची ओळखपत्रे असोत, आधी डिझाइन पक्के होते, रंग ठरतात, पत्त्यातल्या चुका निघतात आणि मग उरल्या जागेत बारकोड बसवला जातो. प्रेसवाल्याने "कोणता?" असे विचारले की समोरचा गोंधळतो. बारकोड म्हणजे बारकोड, त्यात कोणता काय असायचा?

असतो. घरातल्याच वस्तू जमवून पाहा. तेलाच्या पिशवीवर उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली तेरा आकडे दिसतात. तीच पिशवी ज्या खोक्यातून दुकानात आली, त्यावर जाड रेघांचा आणि भोवती काळी चौकट असलेला वेगळाच कोड असतो. स्पीड पोस्टच्या पाकिटावरच्या कोडात आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरेही असतात. आधार कार्डावर दाट ठिपक्यांचा चौकोन, औषधाच्या खोक्यावर नखाएवढा चौकोन, विमानाच्या बोर्डिंग पासवर आडवी लांबट जाळी आणि भाजीच्या गाडीवर क्यूआर. सगळी काळी-पांढरी नक्षीच. पण एकाला उचलून दुसऱ्याच्या जागी चिकटवले तर काम अडते. तेलाच्या पिशवीवरचा कोड आधारची माहिती सामावून घेऊ शकत नाही, आणि आधारवरचा चौकोन किराणा दुकानातल्या जुन्या लेसर स्कॅनरला वाचता येत नाही.

कोणता कोड कुठे, याचे उत्तर बहुतेक जण छापणाऱ्याच्या बाजूने शोधतात. जागा किती आहे, दिसतो कसा, सॉफ्टवेअरमध्ये कोणता फुकट मिळतो, एवढेच पाहिले जाते. या पुस्तकाचे म्हणणे याच्या उलट आहे. कोड एकदा छापला जातो आणि पुढे अनेकदा वाचला जातो, तोही आपण हजर नसलेल्या ठिकाणी, दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्राने. म्हणून आधी वाचणारा ठरवायचा. तो कोण आहे, त्याच्या हातात कोणते यंत्र आहे, तो किती घाईत आहे, कोड त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कागदाची काय अवस्था झालेली असेल, आणि वाचता आला नाही तर तो काय करील? एवढे विचारले की निवड दोन-तीन पर्यायांवर येऊन थांबते.

बारकोडचा इतिहासही हेच सांगतो. १९४८ साली फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये एका किराणा साखळीचा प्रमुख विचारणा घेऊन आला : गिऱ्हाइकाने घेतलेल्या वस्तूंची नोंद काउंटरवर आपोआप व्हावी, असे काही करता येईल का? हे बोलणे बर्नार्ड सिल्व्हर याच्या कानावर पडले आणि त्याने ते नॉर्मन जोसेफ वुडलंड या मित्राला सांगितले. वुडलंडला बालवीर असताना शिकलेली मोर्सची लिपी पाठ होती. मायामीच्या किनाऱ्यावर बसून त्याने वाळूत त्या लिपीचे ठिपके आणि डॅश बोटांनी खाली ओढले. ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या, डॅशच्या जाड. २० ऑक्टोबर १९४९ रोजी दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजी ते मिळाले. कोड कोणत्याही दिशेने वाचता यावा म्हणून त्यात एकात एक वर्तुळांची आकृतीही दिली होती. कल्पना पक्की होती, पण वाचणारे सोयीचे यंत्र नव्हते. त्यांच्या प्रयोगात ५०० वॅटचा दिवा होता. परवडणारा लेसर आणि संगणक यायला अजून वीसेक वर्षे जायची होती.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या किराणा उद्योगाने सर्वांसाठी एकच कोड ठरवायचे मनावर घेतले. आरसीए कंपनीने वर्तुळे पुढे केली, तर आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी उभ्या रेघा. वर्तुळांना छपाई नडली. वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर कागद ज्या दिशेने सरकतो, त्या दिशेने शाई किंचित ओढली जाते. वर्तुळ असेल तर त्याचा काही भाग फुगतो आणि आकृती वाचेनाशी होते. रेघ मात्र छपाईच्या दिशेनेच ठेवली, तर ओढलेल्या शाईने ती फार तर थोडी लांब होते; रुंदी तीच राहते, आणि यंत्र वाचते ती रुंदीच. ३ एप्रिल १९७३ रोजी रेघांचा यूपीसी कोड निवडला गेला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटच्या काउंटरवर रिग्लीच्या ज्यूसी फ्रूट च्युइंगगमचे पाकीट स्कॅन झाले. बिल झाले ६७ सेंटचे.

याच काळात अमेरिकी रेल्वेचा एक प्रयोग मात्र फसला. मालडब्यांच्या बाजूवर रंगीत पट्ट्यांचे फलक लावायचे आणि रुळाशेजारच्या यंत्राने धावती गाडी ओळखायची, अशी कारट्रॅक ही पद्धत १९६७ पासून लागू झाली. पट्ट्यांवर धूळ बसली, चिखल उडाला, वाचन चुकू लागले आणि १९७०चे दशक संपता संपता ती सोडून द्यावी लागली. तंत्र दोन्हीकडे हुशारीचे होते. किराण्याचा कोड ठरवताना शाई आणि कागद कसे वागतात हे हिशेबात धरले होते. डब्यावरच्या कोडाला चिखलाने हरवले.

यूपीसीच्या बारा आकड्यांत एकाची भर घालून युरोपने ईएएन-१३ तयार केला. त्यासाठीची संघटना १९७७ साली स्थापन झाली, आणि आज आपल्या दुकानांत दिसतो तो हाच कोड. तो जरा जवळून पाहू. डाव्या टोकाला, मधोमध आणि उजव्या टोकाला दोन-दोन बारीक रेघा असतात, बहुधा इतर रेघांपेक्षा खाली उतरलेल्या. या सीमारेघा. त्यांच्यामध्ये डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा आकडे असतात. प्रत्येक आकड्याला सारख्या रुंदीचे सात कप्पे मिळतात आणि त्यांत दोन रेघा व दोन मोकळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सीमारेघा धरून सगळे कप्पे ९५ भरतात. आता सहा आणि सहा बाराच होतात, मग तेरावा आकडा कुठे गेला? रेघांच्या बाहेर, डावीकडे जो आकडा एकटा उभा असतो, त्याच्यासाठी वेगळी रेघच नाही. डावीकडचा प्रत्येक आकडा दोन तऱ्हांनी काढता येतो, आणि सहापैकी कोणते आकडे कोणत्या तऱ्हेने काढले आहेत, यावरून यंत्र तो पहिला आकडा ओळखते. उजवीकडची तऱ्हा आणखी निराळी, म्हणूनच पाकीट उलटे धरले तरी सुरुवात कुठून करायची हे यंत्राला कळते.

शेवटचा आकडा म्हणजे चेक डिजिट. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले तर २८ होतात. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही बेरीज दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तेवढा चेक डिजिट. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. यंत्र दर वाचनाला हा हिशेब पुन्हा मांडते. एकच आकडा चुकला असेल तर चूक नक्की पकडली जाते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुधा पकडली जाते. त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा ३ आणि ८, तर मात्र बेरजेचा एकक बदलत नाही आणि चूक निसटते. कोड वाचला जात नाही म्हणून काउंटरवरचा मुलगा नंबर हाताने मारतो, तेव्हा हाच आकडा राखण करतो.

कारखान्यातून येणाऱ्या पाकिटावरच्या या तेरा आकड्यांत किंमत, वजन किंवा एक्स्पायरी यांपैकी काहीही नसते. असते ती फक्त ओळख. गाडीच्या नंबर प्लेटवर मालकाचे नाव नसते, ते आरटीओच्या नोंदीत सापडते. तोच प्रकार इथे. दुकानाचा संगणक नंबर वाचतो, आपल्या यादीत शोधतो आणि तिथली किंमत बिलात घालतो. पाकिटावरची एमआरपी आणि बिलातली रक्कम जुळली नाही, तर रेघांना दोष देऊ नये. कुणाकडून तरी यादी दुरुस्त करायची राहिलेली असते.

हे नंबर वाटण्याचे काम जगभर जीएस१ ही संस्था करते. भारतात १९९६ पासून जीएस१ इंडिया आहे, आणि तिच्याकडून घेतलेले नंबर ८९० ने सुरू होतात. यावरून व्हॉट्सॲपवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे : ८९० असेल तर माल स्वदेशी, ६९० ते ६९९ असेल तर चिनी, बघून घ्या. हे खरे नाही. पहिले तीन आकडे नंबर कोणत्या देशातल्या संस्थेकडून घेतला एवढेच सांगतात. भारतीय कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली वस्तू आपल्या नावाने विकली, तर तिच्यावर ८९० येऊ शकतो. माल कुठे बनला हे पाकिटावर छापलेल्या मजकुरात वाचायचे.

इथेच नव्या उद्योजकाची एक फसगत होते. बारकोडचे चित्र इंटरनेटवर फुकट काढून मिळते, नंबर मात्र तसा मिळत नाही. मनाने तेरा आकडे घातले तरी चित्र ठाकठीक येते, स्कॅनही होते, आणि मॉलच्या यादीत भलत्याच कुणाच्या साबणाचे नाव उमटते. बचतगटाने पापड फक्त गावच्या जत्रेत विकायचे असतील, तर त्याला बारकोडची गरज नाही. तेच पापड सुपरमार्केटच्या फळीवर किंवा ऑनलाइन विक्रीला ठेवायचे असतील, तर नंबर रीतसर घेतलेला हवा. दुकानाने स्वतःपुरते वापरायचे नंबरही राखून ठेवलेले आहेत. २० ते २९ ने सुरू होणारे कोड दुकान आपल्या वजनकाट्यावर छापते. सव्वा किलो कांद्याच्या पिशवीवरचे लेबल हे त्याचे उदाहरण. त्यात वस्तूच्या नंबराबरोबर वजन किंवा रक्कमही बसवता येते, पण त्या दुकानाबाहेर त्या कोडाला काही अर्थ नसतो.

पुस्तकांनीही हाच कोड स्वीकारला. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहाऐवजी तेरा आकडी झाला आणि त्यापुढे ९७८ लागले. त्यामुळे पुस्तकाचा नंबर आणि काउंटरवरचा बारकोड एकच झाले. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ दिसले तर तो भारतातला नंबर. मासिकांच्या आयएसएसएनसाठी ९७७. मराठी प्रकाशकाने आयएसबीएन घेतला की बारकोडसाठी वेगळा नंबर घ्यावा लागत नाही.

काउंटरवरून मागे गोदामात गेलो की वाचणारा बदलतो. तिथे खोका पट्ट्यावरून सरकत असतो किंवा हमालाच्या खांद्यावर असतो, आणि स्कॅनर हातभर लांब असतो. खोका पन्हाळीदार पुठ्ठ्याचा असतो. त्यावर थेट छापले की शाई पसरते आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. यासाठी आयटीएफ-१४ आहे. त्याच्या रेघा पूर्ण आकारात ईएएनच्या तिप्पट जाड असतात. यात आकडे जोडीने बसतात : जोडीतला पहिला काळ्या रेघांत, दुसरा त्या रेघांमधल्या पांढऱ्या पट्ट्यांत. म्हणून आकड्यांची संख्या नेहमी सम लागते. या रचनेत एक खोट आहे. स्कॅनरचा किरण तिरका जाऊन कोडाच्या मध्येच बाहेर पडला, तर अर्धेच आकडे पूर्ण नंबर समजून वाचले जाण्याची भीती असते. भोवतीची काळी चौकट त्यासाठीच असते. तिरका किरण चौकटीला धडकला की वाचन बाद होते. एखाद्या डिझाइनरने चौकट जड दिसते म्हणून ती काढून टाकली, तर त्याला हे पान दाखवावे.

खोक्यावर नुसती ओळख पुरत नसेल, बॅच आणि तारीखही हवी असेल, तर जीएस१-१२८ चे वेगळे लेबल लावतात. यात प्रत्येक माहितीपुढे ती कसली आहे हे सांगणारा ठरलेला आकडा असतो. ०१ म्हणजे पुढे वस्तूचा नंबर, १० म्हणजे बॅच, १७ म्हणजे एक्स्पायरी, ०० म्हणजे पॅलेटचा अठरा आकडी क्रमांक. नाशिकच्या पॅकहाउसमध्ये लावलेले लेबल युरोपातल्या गोदामात कुणाला काही न विचारता वाचता येते, ते या आकड्यांमुळे. द्राक्षनिर्यातीत अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट प्रणाली बागेच्या नोंदणीपासून कीटकनाशकांच्या अंशांच्या तपासणीपर्यंतचा माग ठेवते. पेटीवरचा कोड हे त्या साखळीचे बाहेरून दिसणारे टोक.

आता घरातल्या घरात चालणारे कोड. ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, प्रयोगशाळेतली नमुन्याची बाटली, कारखान्यातले जॉब कार्ड, दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवरचे स्टिकर. यांचा अर्थ त्या त्या संस्थेपुरताच असतो, त्यामुळे जीएस१कडे जायचे कारण नाही. निवड बहुधा कोड ३९ आणि कोड १२८ यांत होते. कोड ३९ हा १९७०च्या दशकातला. त्याची प्रत्येक खूण पाच रेघा आणि चार मोकळ्या जागांची, त्यांपैकी तीन रुंद. इंग्रजी मोठी लिपी, आकडे आणि थोडी चिन्हे, एवढाच त्याचा संसार. तो साधा आहे, अगदी जुने यंत्रही तो वाचते, पण जागा फार खातो. १९८१ साली आलेला कोड १२८ दाट आहे, आणि नुसते आकडे असतील तर एका खुणेत दोन बसवतो. आठ आकडी क्रमांकाचा हिशेब करून पाहा : कोड १२८ ला ७९ कप्पे पुरतात, कोड ३९ ला रुंद रेघेच्या प्रमाणानुसार १२९ ते १५९. पुस्तकाच्या अरुंद कण्यावर हा फरक निर्णायक ठरतो. रक्तपिशव्यांवरच्या आयएसबीटी १२८ या जागतिक पद्धतीने कोड १२८ घेतला. टपालाच्या तेरा खुणांच्या क्रमांकाला, ज्याच्या शेवटी आपल्याकडे देशाची आयएन ही अक्षरे येतात, दोन्ही कोड चालतात.

रेघांच्या कोडाची मर्यादा अशी, की माहिती फक्त आडव्या दिशेने भरली जाते. उंची केवळ किरणाला चुकायला जागा मिळावी म्हणून. उंचीतही माहिती भरली की चौकोनी कोड तयार होतो, आणि मग ओळखीबरोबर खुद्द माहितीच त्यात मावते. आधारवरच्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, छायाचित्र आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. इंटरनेट नसतानाही कार्ड खरे आहे का हे तपासता येते, ते यामुळे. कोड बिघडला तरी माहिती परत उभी करायचे गणित या कोडांत असते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी ते १९६० साली मांडले होते.

चौकोनी कोडांतही वाचणारा पाहूनच निवडायचे. जागा अगदीच कमी असेल, सर्किट बोर्ड असेल, शस्त्रक्रियेचे उपकरण असेल किंवा इंजेक्शनची कुपी असेल, तर डेटा मॅट्रिक्स. डावी आणि खालची कडा सलग काळी, ही त्याची खूण. त्याचा सर्वांत लहान आकार १० बाय १० घरांचा, क्यूआरचा नेहमीचा लहानात लहान २१ बाय २१. भोवती कोरी जागा डेटा मॅट्रिक्सला एका घराची पुरते, क्यूआरला चार घरांची लागते. धातूवर लेसरने किंवा टोचून कोरायचे असेल तरी हाच. १९९१ साली आलेला पीडीएफ४१७ हा ओळींवर ओळी रचलेला कोड. रेघा वाचणाऱ्या यंत्रांच्या काळात तो सोयीचा ठरला आणि छापील बोर्डिंग पासवर स्थिरावला. मध्यभागी चौकटीत चौकट असलेला ॲझ्टेक १९९५चा. त्याला भोवती कोरी जागा लागतच नाही, म्हणून युरोपातल्या रेल्वे तिकिटांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर तो दिसतो.

क्यूआर जन्मला कारखान्यात. जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड स्कॅन करून कामगार कंटाळत. मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ साली त्यावर तोड काढली. माहिती भरण्यापेक्षा यंत्राला कोड चटकन सापडणे त्यांना महत्त्वाचे वाटले. तीन कोपऱ्यांतले चौकोन त्यासाठी. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ मारली तरी काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण १:१:३:१:१ येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण कोणते, हे असंख्य कागद तपासून त्यांनी शोधले होते. कंपनीने पेटंट घेतले, पण वापरासाठी पैसे मागितले नाहीत. कारखान्यातला कोड जगभर गेला त्यामागे हा निर्णय आहे.

बिघाड सोसायच्या क्यूआरच्या चार पातळ्या आहेत. साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग गेला तरी तो वाचला जातो. पातळी वाढवली की घरे वाढतात आणि तेवढ्याच जागेत ती बारीक होतात. मधोमध कंपनीचे बोधचिन्ह घालतात, ते याच राखीव भागातून जागा खाते. वर स्टिकर उन्हात उडाले किंवा फाटले, तर सावरायला काही उरत नाही. चहाच्या टपरीवर लावायचा क्यूआर चिन्हाविना, मोठ्या घरांचा आणि लॅमिनेट केलेला असावा.

लोकांच्या हातात मोबाइल आहे, आणि तो लोकांना क्यूआर वाचायचे यंत्र म्हणून ठाऊक आहे. म्हणून जिथे वाचणारा सामान्य माणूस आहे, तिथे क्यूआर. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर जोडून ध्वनिफिती आणि चित्रफिती मुलांपर्यंत नेल्या. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बालभारतीच्या पुस्तकांतही आता क्यूआर दिसतात. १ ऑगस्ट २०२३ पासून बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा क्यूआर बंधनकारक झाला. त्याच तारखेपासून देशात ३०० औषधांच्या ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर छापणे सक्तीचे झाले, ज्यात उत्पादकाचे नाव, बॅच आणि एक्स्पायरी सापडली पाहिजे.

एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. रेघांच्या कोडाखाली आकडे असतात, त्यामुळे यंत्र थकले तर माणूस वाचतो. क्यूआर माणसाला वाचताच येत नाही. तो कुठे नेणार आहे हे स्कॅन करेपर्यंत कळत नाही, आणि दुकानदाराच्या क्यूआरवर रात्रीतून दुसऱ्याचे स्टिकर चिकटवले तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून यूपीआयने पैसे देताना पडद्यावरचे नाव वाचून पिन टाकायचा. आणि पैसे घ्यायला स्कॅन किंवा पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवायचे. क्यूआर छापणाऱ्यानेही खाली पत्ता किंवा नाव अक्षरांत द्यावे.

निवड बरोबर झाली तरी छपाईत कोड मारला जातो. लेसर स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. त्याला लाल रंग पांढऱ्यासारखा दिसतो, म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा काढल्या तर त्याच्या लेखी तिथे काहीच नसते. गोड्या मसाल्याच्या पारदर्शक पाउचवर नुसत्या काळ्या रेघा छापल्या, की मधल्या जागेतून काळपट मसाला दिसतो आणि रेघ कुठली, जागा कुठली हे यंत्राला कळत नाही. रेघांमागे पांढरा पट्टा हवाच. ईएएन-१३ चा मूळ आकार कोऱ्या कडांसह ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नाही. डावी-उजवी कोरी जागा ही डिझाइनरची शिल्लक जागा समजू नये. तिथे शाकाहारी खूण किंवा ग्राहक सेवेचा नंबर घुसवला की कोड सुरू कुठे होतो हेच यंत्राला उमगत नाही. बारीक गोल बाटलीवर रेघा जमिनीला समांतर ठेवाव्या, म्हणजे त्या वळणाआड जात नाहीत. साध्या थर्मल कागदावरचा कोड उन्हात आणि उष्णतेत विटतो. वर्षभर टिकायचा असेल तर रिबनवरची छपाई घ्यावी.

पुढे काय? २०२७ अखेरपर्यंत जगभरातल्या काउंटरांना रेघांबरोबर चौकोनी कोडही वाचता यावेत, असे जीएस१ने उद्दिष्ट ठेवले आहे. तसे झाले तर तारीख उलटलेल्या दुधाच्या पिशवीचे बिल यंत्रच अडवू शकेल, कारण एक्स्पायरी कोडातच असेल. तोवर पाकिटांवर दोन्ही कोड शेजारी नांदतील. रेघा लगेच जातील असे मला वाटत नाही. त्या वाचणारी यंत्रे गावोगावच्या दुकानांत आहेत, आणि दुकानदार चालते यंत्र टाकून देत नाही. दुसरीकडे, कोड डोळ्यांसमोर येणारच नसेल तर बारकोडचा हट्ट धरू नये. टोलनाक्यावरचा फास्टॅग रेडिओलहरींवर चालतो, कारण तिथे थांबून कोडावर यंत्र रोखून धरायला कुणाला वेळ नाही.

पुढची प्रकरणे म्हणून कोडांच्या नावांनी केलेली नाहीत, कामांच्या नावांनी केली आहेत : काउंटर, गोदाम, ग्रंथालय, दवाखाना, तिकीटघर, टपरी. ज्याला ज्याचे काम, त्याने ते प्रकरण आधी उघडावे. सगळ्यांना एकच विनंती. पूर्ण ऑर्डर सोडण्यापूर्वी त्याच कागदावर, त्याच शाईत दहा-वीस नमुने छापून घ्या, ते खऱ्या बरणीवर किंवा खोक्यावर चिकटवा आणि ज्या माणसाकडे ते जाणार आहेत, त्याच्याच यंत्राखाली धरा. तुमच्या मोबाइलने कोड वाचला हा पुरावा नव्हे. तुमचा मोबाइल काही त्या काउंटरवर बसणार नाही.